देवनी मोरीची भिंत परत द्या

मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या संस्थेची आजीव सभासद. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले. लहानपणी दांडिया बाजारातल्या आमच्या घरून बाबांचं बोट धरून याच वाचनालयात यायचे. हे पत्र असं चारचौघांत लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र एकाचंही नाही. दोनदा कार्यालयात येऊन बसले, तेव्हा 'मीटिंगमध्ये ठेवू' एवढंच ऐकायला मिळालं. संस्थेचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला संस्थेची बदनामी करायची नाही. मला एक निर्णय बदलून हवा आहे.

गेल्या महिन्यात सूचनाफलकावर एक कागद लागला. नव्या सभागृहाबाहेरच्या दालनात गुजरातच्या वारशाचं कायमचं प्रदर्शन होणार, त्यात कोणत्या भिंतीवर काय येणार त्याची ती यादी. चांपानेर होतं, पाटणची पायऱ्यांची विहीर राणीनी वाव होती, लक्ष्मीविलास राजवाडा होता. पाचव्या भिंतीसमोर 'देवनी मोरी' असं टाइप केलेलं, त्यावर निळ्या शाईची आडवी रेघ, आणि शेजारी हाताने लिहिलेलं: 'रद्द. जागा देणगीदारांच्या नामफलकास.'

त्या रेघेबद्दल हे पत्र आहे.

देवनी मोरी म्हणजे काय, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल, काहींना नसेल. त्यात कमीपणा काही नाही. शाळेच्या पुस्तकात ते येत नाही, सहलीच्या यादीत येत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

शामळाजी आपल्याला माहीत आहे. काळ्या गदाधर विष्णूचं देऊळ, कार्तिकी पौर्णिमेची मोठी जत्रा, डोंगराडोंगरांतून येणारे आदिवासी भाविक. पूर्वी हा भाग साबरकांठा जिल्ह्यात होता, आता अरवली जिल्ह्यात आहे. तिथून जवळच मेश्वो नदीच्या काठी देवनी मोरी हे गाव. दोन्हीकडे टेकड्या, मधून नदी, आणि नदीकाठच्या जमिनीत विटांनी भरलेलं एक मोठं टेकाड. गावकरी त्याला 'भोजराजानो टेकरो' म्हणत. भोजराजाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आत होता एक बौद्ध महास्तूप, आणि त्याच्या शेजारी भिक्षूंचा विहार.

१९६० ते १९६३ या काळात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केलं. डॉ. आर. एन. मेहता आणि एस. एन. चौधरी यांनी ते काम केलं, आणि १९६६ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. स्तूप संपूर्ण विटांचा. खाली एकावर एक असे चौकोनी चौथरे, वर गोल अंड, म्हणजे घुमट. चौथऱ्याच्या भिंतींना अर्धस्तंभ, त्यांच्या मधल्या कोनाड्यांत भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती, सगळ्या ध्यानाला बसलेल्या. दगड कोरून केलेल्या मूर्ती आपण पुष्कळ पाहतो. इथे शिल्पकाराने माती मळली, मूर्ती घडवली, ती भट्टीत भाजली आणि विटांच्या भिंतीत बसवली. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या आणि केसांची ठेवण पाहिली की दूरच्या गांधारातल्या कलेची आठवण येते, पण हात आणि माती इथलीच. पश्चिम भारतात बुद्धमूर्ती कशी रुजली हे शोधणाऱ्या अभ्यासकाला या मूर्तींपाशी यावंच लागतं.

विहार म्हणजे मधे चौक आणि चौकाच्या चारी अंगांना ओळीने लहान खोल्या. बडोद्याच्या जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला तो नकाशा समजावून सांगावा लागत नाही. बाबा म्हणायचे, "आपल्या चौसोपी वाड्यातली तुळस काढ आणि सोप्यांच्या जागी खोल्या कर, झाला विहार." लाल चकचकीत मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले, तेव्हा गुजरातवर राज्य करणाऱ्या क्षत्रपांची चांदीची नाणी निघाली. आणि स्तूपाच्या गाभ्यात निघाला दगडी करंडक.

या करंडकापाशी जरा थांबते, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे.

करंडक दंडगोल आहे आणि त्याला झाकण आहे. आत तांब्याची डबी, रेशमी कापडाचे अवशेष, सोन्याची इवलीशी कुपी आणि राख. दगडावर ब्राह्मी लिपीत, संस्कृत भाषेत लेख कोरलेला आहे. त्यात या करंडकाला 'दशबलशरीरनिलय' म्हटलं आहे. दशबल म्हणजे बुद्ध, आणि त्याच्या शरीराचं, म्हणजे देहावशेषांचं, हे निवासस्थान. लेखात वर्ष दिलं आहे: कथिक राजांचं १२७ वं वर्ष, रुद्रसेन राजा असताना, भाद्रपद महिना. पुढे नावं येतात. अग्निवर्मा आणि सुदर्शन या भिक्षूंनी महास्तूप करवला. पाशान्तिक आणि पल्ल यांनी बांधकामावर देखरेख केली. महासेन भिक्षूने हा करंडक करवून घेतला, आणि तो घडवला सेनाचा मुलगा वराह याने.

राजा तिथे आहे तो केवळ काळ सांगण्यापुरता. बाकी जागा काम करणाऱ्यांना दिली आहे. देखरेख कोणी केली, दगड कोणी घडवला, आणि घडवणाऱ्याचा बाप कोण, हे कोणाला तरी लिहून ठेवण्याजोगं वाटलं. आपल्या दालनातली ती भिंत आपण कोणाच्या नावांना दिली, याचा विचार करताना हा करंडक एकदा डोळ्यांसमोर आणावा अशी माझी विनंती आहे.

आता माझा संबंध. माझे वडील त्या उत्खननाच्या छावणीत ड्राफ्ट्समनच्या हाताखाली मदतनीस होते. पद लहान होतं, अहवालात त्यांचं नाव असण्याचं कारण नाही, आणि त्याची त्यांना कधी खंत नव्हती. मोजपट्टीचं टोक धरायचं, ओळंबा सोडायचा, प्लेन टेबलवर कागद ताणून बसवायचा, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात दिवसाची मापं पुन्हा तपासायची, हे त्यांचं काम. मी तेव्हा फार लहान होते. आईच्या आठवणीत त्या वर्षांची एकच गोष्ट पक्की होती: बाबा घरी आले की सदऱ्याच्या खिशातून विटांचा लाल भुसा पडायचा आणि धुण्याच्या दगडावर त्याचे डाग राहायचे.

घरी आल्यावर त्यांनी सरावासाठी आणि आवडीसाठी स्वतःचा रेखाटनांचा एक संच केला. निळसर ट्रेसिंग क्लॉथवर रुलिंग पेनने आणि काळ्या शाईने काढलेली चौदा पत्रं, म्हणजे कापडाचे ताव. स्तूपाचा तळ, चौथऱ्याची उभी बाजू, विहाराचा चौक, एका कोनाड्यातली मूर्ती. सोबत मराठीत लिहिलेली एक वही. मी आठ-नऊ वर्षांची असताना झोपाळ्यावर बसवून त्यांनी मला त्या वहीतली चार ब्राह्मी अक्षरं गिरवायला शिकवली: द, श, ब, ल. देवनागरीची बाराखडी मला शाळेने दिली, ही चार अक्षरं बाबांनी दिली. पुढे तीस वर्षं पहिल्या तासाला वर्गात शिरले की मी फळ्यावर तीच चार अक्षरं काढायचे आणि मुलांना विचारायचे, "हे काय असेल सांगा."

त्या वहीच्या एका पानाच्या समासात पेन्सिलने दोन बेरजा आहेत. १२७ + ७८ = २०५. त्याखाली १२७ + २४८ = ३७५. कथिक राजांचा संवत कोणता, यावर अभ्यासकांत दुमत आहे. तो इ.स. ७८ पासूनचा शक संवत धरला तर स्तूप इ.स. २०५ च्या सुमाराचा ठरतो. इ.स. २४८-४९ पासून मोजला जाणारा, पुढे कलचुरी म्हणून ओळखला गेलेला संवत धरला तर ३७५ च्या सुमाराचा. आणि गंमत बघा, पश्चिम क्षत्रपांत रुद्रसेन दोन्ही काळात सापडतो. पहिला रुद्रसेन तिसऱ्या शतकाच्या आरंभी, तिसरा रुद्रसेन चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात. एकशे सत्तर वर्षांचा हा फरक. बाबांनी दोन्ही बेरजांपुढे काहीच लिहिलं नाही, फक्त शेवटी एक प्रश्नचिन्ह काढलं. मोजपट्टीचं टोक धरणारा माणूस घरी येऊन असा प्रश्न स्वतःला घालत बसायचा. हे बडोद्याचं शिक्षण होतं.

पुढे मेश्वोवर धरण झालं आणि ती सगळी जागा जलाशयाखाली गेली. टेकरो नाही, चौथरा नाही, विहाराचा चौक नाही. करंडक आणि मूर्ती आधीच हलवल्या होत्या. करंडक बडोद्याला आला. जानेवारी २०१० मध्ये दलाई लामा बडोद्याला आले होते, ते बौद्ध वारशावरच्या आंतरराष्ट्रीय परिसंवादासाठी. जगाच्या नकाशावर बडोदं बौद्धांना माहीत आहे ते या करंडकामुळेही.

काही वर्षांपूर्वी मी एकटीच तिथे जाऊन आले. गोध्रा, लुणावाडा, मोडासा करत एसटीने शामळाजी, आणि पुढे रिक्षाने. पाणी भरलेलं होतं, वाऱ्याने बारीक लाटा उठत होत्या. काठावर म्हशी धुणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाला मी टेकरो कुठे म्हणून विचारलं. त्याने हातातली काठी पाण्याकडे केली. "टेकरो तो पाणीमां गयो, बेन." मग जरा थांबून त्याने काठी डावीकडे सरकवली आणि नक्की कुठे तेही दाखवलं. त्याच्या लहानपणी बापाबरोबर तो तिथे मातीच्या पाट्या वाहायला गेला होता. त्याच्या बापाचं नावही कुठल्या कागदावर असेल असं मला वाटत नाही.

आपल्या मंडळाने मला तोंडी तीन कारणं दिली. त्यांना एकेक करून उत्तर देते.

पहिलं कारण: 'ती जागा आता उरलीच नाही, मग लोकांना दाखवायचं काय?' जी जागा उभी आहे ती पाहायला लोक तिकीट काढून जातील. चांपानेरला आपल्या भिंतीची गरज नाही, राणीनी वावला नाही. जी जागा पाण्याखाली आहे ती फक्त कागदावर, मूर्तींत आणि माणसांच्या आठवणीत उरते. तिला भिंत नाकारणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा बुडवणं आहे. हा शब्द कडक वाटेल, पण मी तो विचार करून वापरला आहे.

दुसरं कारण: 'आपली संस्था मराठी, देवनी मोरीशी मराठी माणसाचा काय संबंध?' हे वाक्य मला फार लागलं. बडोद्याच्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारू नये. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी कलकत्त्याला पाली शिकवत होते तेव्हा सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तीन वर्षांसाठी. अट काय, तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहावं आणि वर्षाकाठी बडोदे सरकारासाठी एखादं पुस्तक लिहावं. कोसंबींनी जास्त पगाराची नोकरी सोडून ते मान्य केलं. याच शहरात त्यांनी बुद्धावर मराठीतून व्याख्यानं दिली. मराठीत बुद्ध वाचायला मिळाला त्यात बडोद्याच्या खजिन्यातल्या रुपयांचा वाटा आहे. आणि कमाटीबाग? महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला आले, राहायला छप्पर मिळालं नाही, आणि २३ सप्टेंबर १९१७ ला त्या बागेतल्या वडाखाली बसून त्यांनी जो संकल्प केला, तो पुढे जिथे पोचला ते सगळ्या जगाला माहीत आहे. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. देवनी मोरीच्या करंडकापासून ही जागा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दरवर्षी सप्टेंबरमध्ये नागपूर, अकोला, औरंगाबादहून बसगाड्या भरून मराठी माणसं तिथे येतात. त्यांच्यातल्या किती जणांना कोणी सांगितलं असेल, की याच शहरात सोळा-अठराशे वर्षांपूर्वीचा दशबलाचा करंडक आहे? ते सांगणं आपलं काम होतं. आपल्याला त्यांची भाषा येते आणि या शहराची वाट माहीत आहे. दुसरं कोण सांगणार?

याच संदर्भात एक गोष्ट लिहिणं मला अवघड जातंय, पण लिहिते. कार्यालयात एका सदस्यांनी मला हळूच विचारलं, "हे बौद्ध प्रकरण आपल्या सभासदांना रुचेल का?" मी त्यांचं नाव घेणार नाही, ते माझ्या भावासारखे आहेत. पण या प्रश्नाचं उत्तर मंडळाने लेखी द्यावं. हेच खरं कारण असेल तर ते सूचनाफलकावर लिहावं, म्हणजे सभासदांना ठरवता येईल की त्यांना ते मान्य आहे की नाही. मला खात्री आहे, बहुतेकांना मान्य होणार नाही.

तिसरं कारण पैशाचं: देणगीदारांचा फलक लावावा लागतो. लागतो, मलाही मान्य आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण जिन्याच्या बाजूची अख्खी भिंत कोरी आहे, मी पावलांनी मोजली आहे. तिथे तो फलक सहज मावतो, आणि सभागृहात जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर राहतो.

ही झाली कारणं. आता तक्रार, आणि ती भिंतीहून मोठी आहे.

२०२२ मध्ये मी बाबांची ती चौदा पत्रं आणि वही संस्थेला दिली. पावती आहे, त्यावर 'प्रदर्शनासाठी, जतन करण्याच्या अटीवर' असं स्पष्ट लिहिलं आहे. वर, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवू असं सांगितलं गेलं. मी विश्वास ठेवला. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी फुगली, धोक्याची पातळी ओलांडून शहरात घुसली, तेव्हा बडोद्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही भिजलं. माझ्या घरात गुडघाभर पाणी होतं. त्या रात्री माळ्यावर बसून मी स्वतःला सांगत होते, बाबांची पत्रं तरी वर आहेत.

ती वर नव्हती. या वर्षी मार्चमध्ये प्रदर्शनाच्या तयारीसाठी मी ती पाहायला मागितली, तेव्हा शिपायाने मला तळमजल्यावरच्या खुर्च्यांच्या खोलीत नेलं. सतरंज्यांच्या गठ्ठ्याखाली ती पत्र्याची पेटी होती. झाकण गंजून चिकटलं होतं, दोघांनी मिळून उघडलं. ट्रेसिंग क्लॉथ हे खळ लावलेलं बारीक कापड असतं. पाणी लागलं की खळ सुटते आणि पत्रं एकमेकांना घट्ट धरतात. चौदा पत्रांची एक जाड, वाकडी गुंडाळी झाली होती. वरचं पत्र मी बोटाने उचलून पाहिलं. स्तूपाच्या चौथऱ्याची रेघ वरच्या कापडावरून सुटून खालच्या कापडावर उलटी उमटली होती. कोनाड्यातल्या मूर्तीच्या गुडघ्यापाशी काळी बुरशी. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत होती म्हणून वाचली, फक्त शाई फुटली आहे. पेन्सिलच्या बेरजा तशाच आहेत. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, हे बाबांनीच मला सांगितलं होतं.

पुराला कोणी जबाबदार नाही. पण पुरानंतर अठरा-एकोणीस महिने ती पेटी कोणी उघडून पाहिली नाही, याला आपण सगळे जबाबदार आहोत. मीही, कारण मी मार्चपर्यंत विचारलं नाही. मेश्वोच्या पाण्यातून लोकांनी मोजून, रेखून, खांद्यावर वाहून जे वर काढलं, ते विश्वामित्रीच्या पाण्यात आपण खाली ठेवून दिलं. रात्री झोप लागत नाही ती याने.

यावरही मी मार्चमध्ये गप्प राहिले, कारण भिंत मिळणार होती. जे वाचेल ते सगळ्यांना पाहायला मिळेल, एवढं पुरे होतं. मग ती निळी रेघ आली.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पाचवी भिंत देवनी मोरीला परत द्यावी. प्रसिद्ध झालेल्या माहितीच्या आधाराने मराठी, गुजराती आणि हिंदीत मजकूर मी विनामूल्य लिहून देईन, जाणकार अभ्यासकाकडून तपासून घेईन. त्यात करंडकावरची सगळी नावं यावीत, वराहाचंही. आणि खाली एक ओळ यावी, की या उत्खननात अनेक मजूर, मदतनीस, स्वयंपाकी आणि गाडीवान राबले, ज्यांची नावं आपल्याकडे नाहीत. माझ्या वडिलांचं नाव वेगळं लिहू नये. मला ते नको आहे.

ती पेटी तळमजल्यावरून हलवावी, आणि कागद-कापड जतन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाला दाखवावी. तोवर कोणीही पत्रं ओढून वेगळी करू नयेत, उन्हात टाकू नयेत, इस्त्री तर मुळीच करू नये. खर्च संस्थेला झेपत नसेल तर मी माझ्या पेन्शनमधून देईन, मला फक्त अंदाज सांगावा. वहीचं पानन्‌पान स्कॅन करून एक प्रत वाचनालयात, एक प्रत मागेल त्या अभ्यासकाला द्यावी.

भिंत रद्द करण्याचा ठराव कोणत्या सभेत झाला, किती जण हजर होते, कोणी विरोध नोंदवला का, हे इतिवृत्त सभासदांना पाहायला मिळावं. घटनेप्रमाणे तो आमचा हक्क आहे.

आणि संस्थेकडे दान म्हणून आलेल्या इतर सगळ्या वस्तूंची यादी करावी. कोणी दिलं, कधी दिलं, कुठे ठेवलं. माझ्या पेटीशेजारी आणखी दोन पेट्या होत्या. त्यांवर कोणाचं नाव नव्हतं, आणि त्याही मी बंदच पाहिल्या.

यातलं काहीच शक्य नसेल तर वही आणि पत्रं मला परत द्यावीत. मी ती पावतीनिशी घेऊन जाईन आणि जिथे सांभाळली जातील अशा ठिकाणी देईन. तरीही आजीव सभासदत्व सोडणार नाही. या वाचनालयाने मला वाचायला शिकवलं आहे, रागाच्या भरात ते नातं तोडायला मी तयार नाही.

आपल्यापैकी कोणाला करंडकाविषयी, मूर्तींविषयी, त्या जागेविषयी आणखी जाणून घ्यायचं असेल तर माझ्या घराचं दार उघडं आहे. बाबांच्या वहीच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत. मंडळाची इच्छा असेल तर थंडीत एक बस करून आपण सगळे शामळाजीला जाऊ. देवदर्शन करू, आणि तिथून पुढे पाण्याच्या काठी उभे राहू. टेकरो कुठे होता ते मी दाखवीन. मला काठीने दाखवलेलं आहे.

तूर्तास एकच काम तातडीचं आहे. पावसाळा तोंडावर आलाय आणि ती पेटी अजून खालीच आहे. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींना घेऊन मी संस्थेत येते. आम्ही टीपकागद, जुन्या सुती चादरी आणि एक लाकडी फळी बरोबर आणू, पेटी जशी आहे तशी फळीवर ठेवून आडवी वर नेऊ, आतलं काही हलवणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटाची किल्ली कृपया कार्यालयात ठेवावी.

आपली,
एक आजीव सभासद, बडोदे